सँग्विन : रक्तात मुरलेली आशा

इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या अर्थकारणावरच्या लेखांत 'सँग्विन' हे विशेषण वरचेवर भेटतं. विषय महागाईचा असो, पावसाचा की निर्यातीचा, कुणी ना कुणी तज्ज्ञ त्याबद्दल 'नॉट व्हेरी सँग्विन' असतोच. वाचताना आपण 'आशावादी' असा अर्थ लावतो आणि पुढे जातो. तो अर्थ चुकीचा नाही. अडतं ते शब्द स्वतः वापरताना. 'यंदाचं हवामान सँग्विन आहे' असं कुणी लिहिलं, तर इंग्रजीत मुरलेला वाचक तिथे थबकतो. हवामान आशादायक असू शकतं, सँग्विन नाही. असं का, ते समजायला या शब्दाच्या अंगातलं रक्त पाहावं लागतं.

रक्त हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. लॅटिनमध्ये 'सांग्विस' म्हणजे रक्त. त्यावरून 'रक्ताचा', 'रक्तासारखा लाल' अशा अर्थाचं विशेषण झालं आणि जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत उतरलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'द कँटरबरी टेल्स' लिहिलं. त्याच्या प्रस्तावनेत हा शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळं काम करतो. यात्रेकरूंमधल्या वैद्याच्या अंगावर सँग्विन रंगाचं, म्हणजे लाल, कापड आहे. दुसरा यात्रेकरू फ्रँकलिन, खाण्यापिण्याचा शौकीन, सढळ हाताचा जमीनदार. त्याची प्रकृतीच सँग्विन असल्याचं चॉसर सांगतो. एकीकडे कापडाचा रंग, दुसरीकडे माणसाचा पिंड. आजचा अर्थ निघाला तो या जमीनदाराच्या पिंडातून.

त्यामागे ग्रीक वैद्यक होतं. हिपॉक्रेटीसच्या परंपरेने मांडलेला आणि दुसऱ्या शतकात गेलनने पक्का केलेला विचार असा, की शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव असतात आणि त्यांच्या प्रमाणावर माणसाचा स्वभाव ठरतो. पिवळं पित्त वाढलं की माणूस तापट, काळं वाढलं की खिन्न, कफ वाढला की थंड नि संथ. रक्त उष्ण आणि ओलं. त्याचा ऋतू वसंत. ज्याच्यात रक्ताचं प्राबल्य, तो लालबुंद गालांचा, हसतमुख, धाडसी, आणि सगळं चांगलंच होणार असं धरून चालणारा. सोळाव्या शतकात या वर्णनातली आशा तेवढी वेगळी निघून शब्दाचा मुख्य अर्थ होऊ लागली. पुढे 1628 मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरण मांडलं, 1858 मध्ये रुडॉल्फ फिर्शोने रोगाचं मूळ पेशींत दाखवलं, आणि चार द्रवांचं शास्त्र इतिहासजमा झालं. त्या शास्त्राने घडवलेली विशेषणं मात्र भाषेत तशीच राहिली.

मला सगळ्यात विचार करायला लावते ती मराठीची बाजू. त्या चौकडीतल्या दोघांना आपल्याकडे जवळचे सोबती आहेत. 'पित्तप्रकृती' म्हटलं की तापट माणूस डोळ्यांपुढे येतो. पित्त खवळणं म्हणजे तर रागच. 'कफप्रकृती'चा माणूस संथ. पण 'रक्तप्रकृती' असा शब्द आपल्या तोंडी नाही. कारण आयुर्वेदाच्या मांडणीत आहे. तिथे दोष तीन, वात, पित्त आणि कफ. रक्त हा दोष नव्हे, तो सात धातूंपैकी एक. सुश्रुताने रक्ताला जवळजवळ चौथ्या दोषाचा मान दिला, तरी प्रकृती सांगताना रक्त बाजूलाच राहिलं. युनानी वैद्यकात ग्रीकांची चौकडी शाबूत आहे. तिथे रक्ताधिक प्रकृतीला 'दमवी' मिजाज म्हणतात. हा 'दम' अरबी, अर्थ रक्त; आपल्या दमा-दमछाकीशी त्याचा संबंध नाही. 'मिजाज' म्हणजे मुळात मिश्रण, द्रवांचं मिश्रण. तो मराठीत 'मिजास' होऊन आला, पण फक्त तोरा घेऊन. दमवी मागेच राहिला.

त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला 'सँग्विन'साठी आयतं विशेषण सापडत नाही. मराठीत रक्त सळसळतं ते शौर्याने, खवळतं ते संतापाने, आटतं ते कष्टाने. नातंही रक्ताचं असतं. रक्तात आशा मात्र आपण ठेवली नाही. 'आशावादी'मध्ये 'वाद' आहे, म्हणजे विचार करून घेतलेली भूमिका. सँग्विन माणसाने भूमिका घेतलेली नसते, त्याचा स्वभावच तसा असतो. मला 'उमेद' अधिक जवळचा वाटतो. 'मोठ्या उमेदीचा माणूस' म्हणताना कारणांची यादी कुणी मागत नाही. वर दिलेल्या नकारार्थी वाक्यालाही 'त्यांना याची फारशी उमेद वाटत नाही' हे मराठी चपखल बसतं.

आता वापराकडे. विशेषण माणसाला, त्याच्या स्वभावाला, फार तर त्याच्या अपेक्षांना किंवा अंदाजांना लावावं. 'सँग्विन होप्स' चालतं, 'सँग्विन एस्टिमेट' चालतं, कारण अंदाज कुणाच्या तरी मनातून आलेला असतो. ज्या गोष्टीबद्दल आशा आहे, तिच्याआधी आज बहुधा 'अबाउट' येतं: 'शी इज सँग्विन अबाउट द हार्वेस्ट'. जुन्या लेखनात 'ऑफ'ही दिसतं, 'सँग्विन ऑफ सक्सेस' असं. शब्दात एक बारीक छटाही आहे: ही आशा पुराव्याच्या थोडी पुढे गेलेली असू शकते. म्हणून एखाद्या अंदाजाला सँग्विन म्हणताना त्याच्यावर किंचित शंकाही घेतली जाते. आणि स्वतःबद्दल बोलताना माणसं तो बहुधा नकारासह वापरतात, कारण उतावळ्या आशेपासून दूर राहायचं हे सांगायला तो फार सोयीचा आहे.

एक खड्डा जपून ओलांडायचा. 'सँग्विनरी' याच घरातला, पण त्याचा अर्थ रक्तरंजित. लढाई सँग्विनरी असते, सेनापती सँग्विन. या दोघांची अदलाबदल झाली तर कत्तलीचं वर्णन उमेदीचं होऊन बसतं. याच घरातला तिसरा शब्द आपल्या रुग्णालयांत रोज लागतो. मूल तपासताना डॉक्टर आईवडिलांना 'तुमचं लग्न नात्यातलं का?' असं विचारतात आणि केसपेपरवर 'कॉन्सँग्विनियस' लिहितात, म्हणजे एका रक्ताचे. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत हा प्रश्न साहजिक आहे.

अलीकडे काही जण 'सँग्विन' हा 'शांत, अविचल' या अर्थी वापरू लागले आहेत: नोकरी गेली तरी तो सँग्विन होता, अशा तऱ्हेने. शब्दांचे अर्थ सरकतात हे मान्य, पण हे सरकणं मला खटकतं. जुन्या वैद्यकात शांतपणा ही कफाची देणगी होती आणि इंग्रजीत त्यासाठी 'फ्लेग्मॅटिक' अजून शाबूत आहे. नोकरी गेल्यावर जो निवांत चहा पीत बसला तो फ्लेग्मॅटिक. याहून चांगली नोकरी महिन्याभरात मिळणार असं धरून ज्याने हप्त्याने नवी मोटरसायकल घेतली, तो सँग्विन.