परदेशातले विद्यार्थी भीमराव आणि त्यांचे सोबती

आपल्या प्रत्येकाच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. अंगात कोट, गळ्यात टाय, डोळ्यांवर चष्मा, हातात पुस्तक. त्या फोटोला आम्ही लहानपणापासून हात जोडत आलो. जयंतीच्या भाषणात ऐकत आलो की बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत. ऐकून टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलो. पण अठरा तास अभ्यास करणारा माणूस जेवत काय होता, झोपत कुठे होता, खिशात पैसे किती होते, आणि रात्री-अपरात्री बोलायला त्याला कोण होते, हे आम्ही कधी विचारलेच नाही. गिरणीतल्या नोकरीतून वेळ मिळेल तसे आम्ही धनंजय कीर वाचले, चांगदेव खैरमोडे वाचले, बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी वाचल्या, तेव्हा या फोटोतला माणूस आम्हाला प्रथम भेटला. तो विद्यार्थी होता, तरुण होता आणि पुष्कळदा उपाशी होता. त्याच्याविषयी या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत असे आमच्या मनाने घेतले.

सन १९१३. फेब्रुवारीत वडील सुभेदार रामजी गेले. घरी रमाई, पाळण्यातला यशवंत आणि परळच्या चाळीतला संसार. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची असा करार. जून महिन्यात सही झाली आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला पोचले. वय बावीस.

आता मुंबईचा मुलगा तिथे गेला म्हणजे पहिला प्रश्न जेवणाचा. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली, पण तिथे ते आठवडाभरच टिकले. जेवण नीट शिजलेले नसे आणि बहुतेक गोमांसाचे असे, ते त्यांना जाईना. म्हणून मग ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तिथे काही हिंदी विद्यार्थी राहात होते. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात बिऱ्हाड थाटले, आणि तिथे जोडीदार मिळाला नवल भथेना. हा पारशी. ती इमारत अजून उभी आहे, नाव मात्र बदलून आता वॉलक हॉल झाले आहे.

एका खोलीत राहणे म्हणजे काय, हे आपल्या चाळीतल्या माणसाला वेगळे सांगायला नको. कोण केव्हा उठतो, कोण घोरतो, कोणाच्या घरून पत्र आले नाही, कोणाची महिन्याची अखेर ओढीची आहे, सगळे एकमेकांना ठाऊक होते. आपल्याकडे भीमरावांना शाळेत बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागले होते. माठाला हात लावायची सोय नव्हती, शिपायाने वरून पाणी ओतले तर प्यायचे. त्याच भीमरावांच्या खोलीत आता दुसऱ्या धर्माचा माणूस राहतो आणि विटाळ हा शब्दसुद्धा निघत नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती. हे वाक्य वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

अर्थात अमेरिका म्हणजे काही समतेचा स्वर्ग नव्हता, हेही सांगितले पाहिजे. विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम वस्ती. त्या देशातल्या काळ्या लोकांचे काय हाल होते ते भीमरावांच्या नजरेतून सुटले नसणार. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर पुढारी ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले आणि दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य दाखवले. ड्यूबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले.

पैशाचा हिशेब आम्ही मांडून पाहिला, कारण महिन्याच्या पगारात घर भागवायची आम्हाला सवय आहे. साडेअकरा पौंड म्हणजे त्या वेळचे साधारण छप्पन डॉलर. कीर सांगतात की भीमरावांचे जेवण म्हणजे एक कप कॉफी, दोन मफिन म्हणजे पावाचाच एक प्रकार, आणि मटणाची किंवा मासळीची एक डिश, खर्च एक डॉलर दहा सेंट. दिवसाला असे एकच जेवण धरले तरी महिन्याला तेहतीस डॉलर गेले. उरलेल्या तेविसात बाकी सगळे. त्यातूनच घरी रमाईला पैसे, आणि त्यातूनच पुस्तके. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. पोटाला चिमटा घेऊन असे आपण सहज म्हणतो. इथे तो चिमटा खरोखरचा होता.

अभ्यास किती केला याची यादी मोठी आहे. अर्थशास्त्राचेच एकोणतीस अभ्यासक्रम, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, आणि थोडे फ्रेंच नि जर्मनसुद्धा. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात म्हणजे काय ते ज्याने भोगले तो पंचविशीचा मुलगा परक्या विद्वानांसमोर जातीची चिरफाड करीत होता.

गुरुजनही असे लाभले की मित्रच. सेलिग्मन, जॉन ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन. १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात बाबासाहेबांचे म्हणणे छापून आले. आयुष्यात लाभलेले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले आपले काही वर्गबंधू आणि हे चार प्राध्यापक, असा त्याचा आशय आहे. शिक्षकाला मित्र म्हणता येणे हे आपल्याकडे किती मुलांच्या नशिबी होते? तेव्हा लाला लजपतरायही न्यूयॉर्कला होते. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला राजकारणात ओढायचा प्रयत्न केला. भीमरावांनी ऐकले नाही. ज्या महाराजांनी शिकायला धाडले त्यांचे ऋण आधी, बाकी नंतर, असा त्यांचा रोख होता.

याच काळात वडिलांच्या एका स्नेह्याला त्यांनी पत्र लिहिले, त्यात मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला आहे. मुलाबरोबर मुलगी शिकली तर आपली प्रगती झपाट्याने होईल, असा त्याचा मतलब. सातासमुद्रापलीकडून विद्यार्थी घरच्यांना काय लिहितो? थंडी फार आहे, पैसे संपले, आठवण येते. यांनी लिहिले ते मुलींच्या शाळेविषयी.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले. सेलिग्मन यांनी तिथल्या विद्वानांसाठी शिफारसपत्रे दिली होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इन्मध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले, आणि वर्ष व्हायच्या आत शिष्यवृत्तीची मुदत संपली. परतावे लागले. पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्यासाठी चार वर्षांची सवलत मात्र मिळवली. महायुद्ध चालू होते. स्वतः एका बोटीने आले, सामान दुसऱ्या बोटीने पाठवले, आणि सामानाची ती बोट पाणतीराने बुडवली. पुस्तके गेली. प्रबंधाचे हस्तलिखितही असेच बोटीबरोबर गेले, असे १९२२ साली त्यांनी सेलिग्मनना कळवले आहे.

आणि मग बडोदे. करारातली नोकरी करायला गेले तर राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत खोटे पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे. आमची धर्मशाळा बाटवलीस, चालता हो! हिंदू मित्राकडे विचारून पाहिले, ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले. दोघांनीही कारणे सांगितली. शेवटी रात्रीच्या गाडीची वाट पाहात कमाठी बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

मंडळी, इथे जरा थांबा. न्यूयॉर्कला एका खोलीत राहिलेला तो पारशी, आणि बडोद्याला काठी घेऊन आलेले तेही पारशीच. माणूस तोच, धर्म तोच, मग फरक कशाचा? आम्हाला वाटते, फरक हवेचा. इथल्या हवेत जात आहे, ती ज्याच्या त्याच्या छातीत जाते, मग तो कोणत्याही देवाचा असो. भथेनांनी मात्र मुंबईला परतल्यावरही ती हवा छातीत घेतली नाही.

कारण पुढे काय झाले बघा. भीमरावांनी शिकवण्या केल्या, मग सिडनॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, काटकसर करून पैसे साठवले. तरी लंडनचा खर्च भागेना. १९२० साली शाहू महाराजांनी हातभार लावला आणि नवल भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. त्या काळचे पाच हजार! गिरणीतल्या साध्या कामगाराला ते कित्येक वर्षांत मिळाले नसते.

दुसऱ्या खेपेचे लंडन पहिल्यापेक्षा कठीण. चॉक फार्म भागात किंग हेन्री रोडवर दहा नंबरच्या घरात ते राहिले. घरमालकीण खाष्ट होती असे चरित्रात आहे. सकाळी पावाचा एक तुकडा, थोडा जॅम, मासळीचा तुकडा आणि चहा. तेवढ्यावर बाहेर पडायचे ते ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठायचे आणि संध्याकाळी पहारेकरी बाहेर काढीपर्यंत उठायचे नाही. दुपारच्या जेवणाला पैसेही नाहीत आणि वेळही नाही. रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर होई. ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने पापडांची पुडकी दिली होती. त्यातले चार पापड पत्र्यावर भाजायचे, वर कपभर दूध, आणि पुन्हा दिव्याखाली बसायचे. खोलीतला मराठी जोडीदार म्हणायचा, अहो, आता तरी झोपा. त्यांचे उत्तर ठरलेले असे. खायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही, अभ्यास लवकर उरकलाच पाहिजे.

चार भाजलेले पापड. आमच्या घरी पापड भाजला की आताशा आम्हाला हेच आठवते.

या गरिबीला आणखी एक कारण होते, ते फार कोणी सांगत नाही. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते, म्हणजे दहा रुपयांच्या आतच एक पौंड. १९२१ साली रुपया घसरला तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली. आता तोच पौंड पंधरा रुपयांहून महाग. पदरचे रुपये तेवढेच, पण पौंड एक तृतीयांशाने कमी! सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले, त्यातही विनिमयाच्या या घसरणीचे कारण दिले आहे. आणि त्याच वेळी ते प्रबंध कशावर लिहीत होते? रुपयाच्या प्रश्नावर. सरकारच्या चलनाच्या धोरणाने गरिबाच्या ताटातली भाकरी कशी आखडते, हे ते पुस्तकातही वाचत होते आणि रात्री दहा वाजता पोटातही वाचत होते.

याच दिवसांत भथेनांना त्यांनी जी पत्रे लिहिली ती वाचताना आमचा जीव कासावीस होतो. आशय असा की, मी तुम्हाला पुन्हा पुन्हा त्रास देतो आहे, जिवलग मित्रालाही सोसवणार नाही इतका देतो आहे, त्यामुळे तुम्ही दुरावू नका, तुमच्याशिवाय मला दुसरा मित्र नाही. पुढे ज्यांच्या शब्दावर लाखो माणसे उठली, ते बाबासाहेब पैशासाठी मित्रापुढे असे संकोचून लिहीत होते. काही लोकांना हे सांगणे आवडत नाही. त्यांना वाटते यात कमीपणा आहे. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याने आयुष्यात कधी उसने मागितले आहे त्याला या पत्राची किंमत कळते. आणि भथेना दुरावले नाहीत, ते आयुष्यभराचे मित्र राहिले.

१९२१ साली एम.एस्सी. झाले. १९२२ साली जर्मनीत बॉन विद्यापीठात काही महिने काढले. प्रबंध परीक्षकांना झोंबला, सौम्य करून पुन्हा द्या म्हणाले. पैसे संपलेले, म्हणून एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला येऊन इथूनच तो सुधारून पाठवला. वर्षअखेरीस डी.एस्सी. मिळाली आणि पुस्तक छापले गेले, ते त्यांनी आईवडिलांना अर्पण केले. प्रस्तावना प्राध्यापक कॅनन यांची. गंमत अशी की कॅननना यातली पुष्कळ मते मान्य नव्हती, तसे त्यांनी प्रस्तावनेतच लिहिले, आणि तरीही विद्यार्थ्याच्या बुद्धीची मनापासून दाद दिली. मतभेद असून पाठ थोपटणारा गुरू! कोलंबियाचा दुसरा प्रबंध १९२५ साली छापून निघाला, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे, आणि १९२७ साली ती पीएच.डी.ही रीतसर पदरी पडली.

लंडनचे ते दहा नंबरचे घर महाराष्ट्र सरकारने घेतले आणि २०१५ साली तिथे स्मारक सुरू झाले. आपल्यातली जी मुले आज शिकायला परदेशी जातात ती तिथे जाऊन फोटो काढून पाठवतात. घर चांगले रंगवले आहे. भूक काही फोटोत येत नाही.

१९५२ च्या जूनमध्ये बाबासाहेब पुन्हा न्यूयॉर्कला गेले. ज्या विद्यापीठात एक डॉलर दहा सेंटच्या जेवणावर दिवस काढले होते, त्याने ५ जूनला त्यांना सन्मानाने एल्एल्.डी. पदवी दिली. जाताना मनात होते की ड्यूईसरांना भेटू. ड्यूई तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या वाटेवर असतानाच ते वारले. माईसाहेबांना पाठवलेल्या पत्रात बाबासाहेबांनी कळवले की सरांची भेट राहिली, फार वाईट वाटले, माझे सारे बौद्धिक जीवन मी त्यांचे देणे लागतो.