उदरावरणीय अपोहन आणि प्रतिजैविके

निकामी मूत्रपिंडांचे कार्य उदरावरणाकडून करवून घेण्याचा मनुष्यावरील पहिला प्रयत्न गेऑर्ग गांटर याने १९२३ साली जर्मनीत केला. १९४६ मध्ये बॉस्टन येथे फाइन, फ्रँक व सेलिग्मन यांनी याच मार्गाने एक रुग्ण वाचविला. पेनिसिलीन तेव्हा हाती आले होते. तथापि उदरावरणदाहाचे भय त्यामुळे ओसरले नाही.

१९६८ मध्ये टेंकहॉफ याने पोटात कायम ठेवता येईल अशी सिलिकोनची नळी प्रचारात आणली. परंतु ज्या नळीने हा उपचार दीर्घकाळ चालू ठेवणे शक्य केले, तिच्याच पृष्ठावर जंतूंना आश्रय मिळाला. तेथे ते चिकट थर निर्माण करून राहतात व प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. पुढे पॉपोविच व मॉनक्रीफ यांच्या १९७६ च्या पद्धतीत रुग्ण दिवसातून चार-पाच वेळा द्रव स्वतःच बदलू लागला. प्रत्येक जोडणी म्हणजे त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस जंतूंना उघडलेले एक द्वारच होय.

प्रतिजैविक शिरेतून देण्यापेक्षा अपोहन-द्रवातूनच थेट पोटात सोडणे अधिक गुणकारी, हे तुलनात्मक प्रयोगांत दिसून आले. कोणते औषध सर्वश्रेष्ठ, याचा निर्णय मात्र तितका स्पष्ट लागला नाही. योग्य औषध पाच दिवस देऊनही द्रव निवळला नाही, तर सामान्यतः नळी काढावी लागते. बुरशीच्या संसर्गात तर ती विनाविलंब काढावी, असा दंडक आहे. संसर्गाचे प्रमाण घटविण्याचे श्रेय मात्र औषधांपेक्षा इटलीत पुढे आलेल्या द्विशाखी नळीस अधिक द्यावे लागते. जोडणीच्या वेळी शिरलेले जंतू तीत आधी बाहेर धुतले जातात आणि मगच नवा द्रव पोटात उतरतो.