बालहट्टाचे मूळ

बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट या तिहींपुढे कोणाचे काही चालत नाही, असे आपले पूर्वज म्हणत आले. राजे गेले, त्यांच्याबरोबर राजहट्टही गेला. स्त्रीहट्ट हा शब्द उच्चारण्याचे धाडस आज सुज्ञ मनुष्य करीत नाही. उरला बालहट्ट. बदलीच्या नोकरीत असलेल्या आम्हां मंडळींच्या घरी तो अंमळ अधिकच आढळतो. नव्या गावी सामान उतरते न उतरते तोच कालपर्यंतचे शहाणे मूल ताट लोटून देऊ लागते. थोरला शाळेतून तक्रारीची चिठ्ठी घेऊन येतो. ‘फार लाडावला आहे’ हे त्यावरचे ठरलेले निदान. गेल्या शतकाच्या इतिहासाने हे निदान एकाहून अधिक वेळा तपासले आहे. त्याचे स्मरण आम्हां परगावी राहणाऱ्यांना उपयोगी पडावे, असे वाटते.

पंतोजींच्या शाळेत शिस्त म्हणजे स्तब्धता. ती मोडणाऱ्यास अंगठे धरून ओणवे उभे करीत, नाही तर वेताची छडी होतीच. पंतोजी मनाने क्रूर होते असे नव्हे. व्रात्यपणा हा मुलाच्या स्वभावातच असतो आणि तो बाहेर काढावा लागतो, ही त्यामागची समजूत होती. तशी समजूत युरोपातही होती.

तिला एक मोठा धक्का बसला तो रोम शहरी. तेथील सान लोरेंझो या गरीब वस्तीत मजुरांसाठी जुन्या इमारती दुरुस्त करण्यात आल्या. आईबाप दिवसभर कामावर. शाळेच्या वयाची न झालेली पोरे जिने आणि भिंती खराब करीत. त्यांना एका खोलीत सांभाळावे, म्हणजे इमारतींचा नाश टळेल, असा चालकांचा व्यवहारी हिशेब होता. ते काम डॉ. मारिया माँटेसोरी यांच्याकडे आले आणि 6 जानेवारी 1907 रोजी पहिले बालगृह उघडले. बाईंनी उपदेश केला नाही. हाताला काम देणारी साधने दिली. एकदा कपाटाला कुलूप लावायचे राहून गेले, तेव्हा मुलांनी आपापली साधने स्वतःच निवडून घेतली. ती चोरी न मानता बाईंनी पुढे मुलांच्या हाती येतील अशी ठेंगणी कपाटे केली. नासधूस करणारे हात कामात रमले.

बाईंनी नोंदविलेली आणखी एक हकीकत आम्हांला फार मोलाची वाटते. एका पाहुणीने आपली छत्री मेजावर ठेवली, तसे जवळचे तान्हे मूल रडू लागले. छत्री हवी असेल म्हणून ती पुढे केली, तर त्याने ती दूर लोटली. आईने छत्री तेथून उचलून नेली, तेव्हा ते शांत झाले. मेजावर छत्री असणे हे त्याच्या ओळखीच्या जगात बसत नव्हते, एवढेच त्याचे दुःख.

हा विचार आपल्याकडे ज्यांनी रुजवला, त्यांत गिजुभाई बधेका हे अग्रणी. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. मुंबईच्या पदवीधर असलेल्या या मराठी बाईंनी काठेवाडात राहून गुजराती आपलीशी केली, हे परप्रांती नोकरी करणाऱ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावे. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक पहिल्या दिवशी शांततेचा खेळ योजून वर्गात जातो, आणि वर्गात गोंधळ माजतो. तो छडी शोधीत नाही. आपली योजनाच चुकली असे ठरवितो. दुसऱ्या दिवशी गोष्ट सुरू होते आणि तोच वर्ग कान टवकारून बसतो.

ताराबाईंनी 1945 साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळा चुकवितात, ही तक्रार जुनीच होती. या दोघींनी कारण पाहिले: कोणी धाकटे भावंड सांभाळीत होते, कोणी गुरे राखीत होते. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरांमागच्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

आता आमच्या घराकडे वळू. बदलीमुळे मुलांच्या शिक्षणाची आबाळ होऊ नये म्हणून 1963 मध्ये केंद्रीय विद्यालयांची योजना अमलात आली. अभ्यासक्रमाचा धागा तीमुळे तुटेनासा झाला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास बंदी केली. परंतु शेजारचा मित्र, खिडकीतून दिसणारे झाड, आपला विनोद कळणारी भाषा या गोष्टी कोणत्याही बदलीच्या हुकुमात येत नाहीत. आणि तो कायदा शाळेपुरता आहे. पुढचे काम आईबापांचे. मेजावरच्या एका छत्रीने मूल व्याकुळ होते. येथे तर सारे घरच जागचे हललेले असते.

म्हणून हट्टाला शरण जावे असे आम्ही म्हणत नाही. माँटेसोरीबाईंच्या बालगृहातही साधन जागच्या जागी ठेवावे लागे आणि दुसऱ्यास त्रास देण्याची मुभा नव्हती. मात्र शिक्षेपूर्वी चौकशी हवी. मुलाच्या ओळखीचे काय हरवले? त्याच्या हाताला काम आहे काय? त्याचे ऐकायला कोणी बसले काय? सामान सोडताना पहिली पेटी मुलाची उघडावी, त्याचा कोपरा आधी लावावा, रात्रीची गोष्ट पहिल्या रात्रीही चुकवू नये. कचेरीत नव्याने रुजू झालेल्या मनुष्याला स्थिरस्थावर व्हायला अवधी लागतो, हे आम्ही सारे जाणतो. तेवढाच अवधी मुलाला देण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाही.