गेलेली गाडी आणि उशिरा लागलेलं वेड

भोकरदनला आजवर रेल्वे नाही. ऑगस्ट २०२४मध्ये जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तेव्हापासून इथं जो तो रेल्वेवरच बोलतोय. संयोजकांनी मलाही त्याच आशेनं बोलावलं असावं. पण मी बोलणार आहे गेलेल्या गाडीवर. आणि आधीच कबूल करतो, ती होती तेव्हा मला मुळीच आवडत नव्हती.

आमच्या लहानपणी गाडी म्हणजे जालन्याची मीटरगेज. इथून एस.टी.नं जालना, तिथून कोळशाच्या इंजिनाची गाडी, आणि मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून दुसरी गाडी धरायची. हातात ट्रंक, काखेत वळकटी, डोळ्यांत कोळशाचे कण!

हे असं का होतं? १८७०च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारनं कमी खर्चाच्या मार्गांसाठी रुळांमधलं अंतर एक मीटर ठरवलं. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ही १०००. रूळ हलके, पूल लहान, वळणं तीव्र असली तरी चालतात. निजामाच्या राज्यातला वाडी–हैदराबाद मार्ग ब्रॉडगेज होता. पण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे सिकंदराबादपासून मनमाडपर्यंत आली ती मीटरगेज. तेव्हा वाचलेले पैसे मराठवाड्यानं पुढं नव्वद वर्षं मनमाडला फेडले, असं मी म्हणेन. मुंबईकडं जाणारा माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचा. कापसाच्या गाठी काय, धान्याची पोती काय, वेळ जायचा आणि हमाली वर.

म्हणून ब्रॉडगेजची मागणी मराठवाड्यात जिव्हाळ्याची होती. तरुणपणी मीही त्या मोर्चांत घोषणा दिल्यात. नव्वदच्या दशकात रुंदीकरण झालं, आम्ही पेढे वाटले. जुने रूळ उखडत होते ते बघायला काही गेलो नाही.

वेड लागलं ते निवृत्तीनंतर. २०१५च्या हिवाळ्यात अकोल्याला एका विद्यार्थ्याच्या घरी लग्न होतं. तो म्हणाला, "सर, खंडव्याची मीटरगेज अजून चालू आहे, एकदा बसून बघा." स्वातंत्र्यानंतर खंडवा–हिंगोली हा दुवा जोडला गेला आणि उत्तरेचं नि दक्षिणेचं मीटरगेज एक झालं, जयपूर ते काचीगुडा मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेनं धावायची. आता उरला होता एवढा तुकडा.

अकोट सुटलं, वान रोड गेलं, मेळघाटचं जंगल सुरू झालं. धूळघाटला गाडी डोंगरात गोल वळसा घेते आणि आपल्याच रुळांना ओलांडून पुढं जाते. थोड्या वेळापूर्वी आपण होतो ती वाट खिडकीतून दिसते! त्रेसष्टाव्या वर्षी मी दारात उभा राहून लहान पोरासारखा ओरडलो. घरी आल्यावर रद्दीच्या दुकानांतून जुनी टाइमटेबलं गोळा करायला लागलो. आमच्या सौभाग्यवतींच्या मते ही म्हातारचळाची सुरुवात.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला लगेच उत्तर सुचतं. ज्या वस्तूकडून आपल्याला काही साधायचं नसतं तिचंच सौंदर्य निखळपणे जाणवतं, असं कांट सांगतो. मी विचार केला, बरोबर आहे. गाडीनं मला कुठंच पोचवायचं नव्हतं, म्हणून ती दिसली.

पण त्याच डब्यात समोर एक कोरकू बाई टोपली घेऊन बसल्या होत्या. माझा आरडाओरडा बघून हसल्या. मी विचारलं, "तुम्हाला आवडते का ही गाडी?" त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "बाबा, हिच्याशिवाय बाजाराला जाणार कशानं?"

कांटवर मी कितीतरी वर्षं शिकवलं, तेव्हा वर्गात हे कुणी विचारलं नव्हतं.

२०१७ उजाडलं आणि ती गाडी रुंदीकरणासाठी बंद झाली. पुढं नवे रूळ व्याघ्र प्रकल्पातून न्यायचे की बाहेरून वळसा घालून, यावर बराच वाद झाला. वाघाच्या बाजूनं आणि वेगाच्या बाजूनं, दोन्हीकडून मी लेख वाचले, कात्रणंही काढून ठेवलीत. टाइमटेबलांच्या गठ्ठ्यात आता त्या मार्गाचंही एक आहे. त्या बाई बाजाराला कशानं जातात, हे बघायला मात्र मी अजून गेलेलो नाही.