गळतीशोध (चाळींतील)

भिंत, जमीन अथवा तक्तपोशी यांच्या आड झिरपणाऱ्या पाण्याचा उगम निश्चित करण्याची क्रिया. विहार (१८६०), तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) या तलावांचे पाणी मुंबईत खेळू लागले, तरी गिरगाव, परळ, लालबाग येथील अनेक चाळींत बिऱ्हाडातला स्वतंत्र नळ पुष्कळ मागाहून आला. सबब त्याच्या नळ्या कोणत्या वाटेने नेल्या, याचा नकाशा बहुधा कोणाच्याही दप्तरी सापडत नाही.

मीटर व टाकी : सर्व तोट्या बंद करून मीटरचा काटा न्याहाळण्याची रीत सर्वपरिचित असली, तरी या शहरात पाणी ठरावीक वेळीच सुटत असल्याने ती त्याच अवधीत आचरावी, एरवी नळीत दाबच नसतो, काटा निश्चल राहतो आणि फुटक्या नळीला निर्दोषत्वाचा दाखला मिळतो. तळटाकी असल्यास पंप व आवक बंद करून रात्री पातळीवर खूण करावी व पहाटे पाणी येण्यापूर्वी ती पडताळावी. रिकाम्या नळीत छिद्रावाटे बाहेरचे सांडपाणी ओढले जाते, म्हणून नळाचे पहिले पाणी गढूळ वा दुर्गंधीयुक्त येणे हेही गळतीचे लक्षण होय.

मोरी : जुन्या चाळीतील गळतीचे हे मुख्य स्थान. शहाबादी फरशीखाली चुना-विटांचा कोबा, त्याखाली फळ्या आणि त्यांना तोलणारी सागवानी तुळई अशी रचना असता, फरशीच्या सांध्यांतून उतरलेले पाणी तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी साचते. परिणामी दर्शनी भाग तैलरंगाने चकाकत असतानाही आतले टोक कुजलेले आढळते. भिंतीलगत टोच्या सहज रुतला, किंवा हातोडीच्या ठोक्याला बद्द आवाज आला, तर अधिक पुराव्याची वाट पाहू नये. अन्यथा मोरीचे तोंड चिंध्यांनी बुजवून बोटभर रंगीत पाणी रात्रभर साठवावे. खालच्या बिऱ्हाडात ओल वाढली तर दोष कोब्याचा. तोंड मोकळे केल्यावरच पाणी ठिबकले तर निचऱ्याच्या नळीचा. रंग कोब्यातच अडकून राहू शकतो, म्हणून खाली तो उमटला नाही एवढ्यावरून मोरीला निर्दोष ठरवू नये. तुळई शंकास्पद असल्यास ही परीक्षा सर्वथा वर्ज्य.

इतर लक्षणे : अखंड ठिबक दाबाच्या नळीची, वापरापुरती ठिबक निचऱ्याची आणि केवळ पावसाळी ओल कौलांची, गच्चीची वा बाह्य भिंतीची निदर्शक मानतात. संडासाच्या टाकीत रंग टाकून, ती न वापरता, भांड्यात तो उतरतो का ते पाहतात. मिलिलिटरला २० थेंब धरले, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरांहून अधिक पाणी होते.

जबाबदारी : उपकरप्राप्त (दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या संरचनात्मक दुरुस्तीची तजवीज १९६९ च्या अधिनियमाने व पुढे १९७६ च्या म्हाडा अधिनियमाने झाली. मोरीखालची तुळई संरचनेत मोडत असली, तरी मोरीची गळती तीत मोडते काय, याविषयी मालक, भाडेकरू व म्हाडाचे दुरुस्ती मंडळ यांचे एकमत क्वचितच आढळते. सहकारी गृहसंस्थांत न्हाणीघर-संडासाच्या गळतीचा खर्च सामान्यतः सभासदाकडे व गच्चीचा संस्थेकडे असतो.

उपकरणे : ध्वनिशोधक दांडी, ओलमापक, उष्णताचित्रक.