निर्णयसागरचे जावजी दादाजी

मोरोपंत आपल्या बारामतीचे. जन्म पन्हाळ्याचा, १७२९ सालचा. पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने या कऱ्हेकाठी घालविला आणि १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला येथेच देह ठेवला. त्यांची सारी कविता पाऊण लाखाच्या घरात जाते असे म्हणतात. एवढी रचना करणाऱ्या पंतांनी आपली एक ओळसुद्धा छापलेली पाहिली नाही. बोरूने लिहिलेली पोथी, तिच्यावरून कोणी करून घेतलेली दुसरी नक्कल, आणि कीर्तनकारांची वाणी, एवढ्यावरच त्यांची आर्या गावोगाव फिरली. बायकांसाठीही त्यांनी सीतागीत, सावित्रीगीत यांसारखी गीते रचली. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी ती ऐकून पाठ करावयाची. एखादा चरण विसरला, तर ज्याला वाचता येते त्याच्या तोंडाकडे पाहावयाचे.

आज तेच पंत आपल्या कपाटात छापील पुस्तकांच्या रूपाने उभे आहेत. ते तेथवर कसे आले, याचा विचार आपण क्वचितच करतो. कवीचे नाव आपल्याला ठाऊक असते, टीकाकाराचेही असते. ज्याने पुस्तक छापले त्याचे नाव मुखपृष्ठाच्या तळाशी बारीक अक्षरात असते व ते वाचावयाचे राहून जाते. जुन्या मराठी व संस्कृत पुस्तकांवर त्या जागी एक नाव वारंवार दिसते : निर्णयसागर छापखाना, कोलभाट गल्ली, मुंबई. या छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांची हकीकत मंडळाच्या भगिनींना सांगावी, म्हणून हा लेख.

आपल्याकडे छपाई उशिरा रुजली. जर्मनीत गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांनी बायबल छापले ते १४५५ च्या सुमारास. गोव्यात पोर्तुगीजांचा छापखाना १५५६ साली आला. फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, पण रोमन लिपीत. देवनागरी खिळ्यांचा उपयोग करून मराठीचे व्याकरण छापले गेले ते १८०५ साली, आणि तेही दूर बंगालात, श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडून. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना निघाल्यावर इकडे कामाला वेग आला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ च्या सुमारास स्वतःचा शिळाछापखाना काढला व पंचांगे छापून विकली. त्या वेळी छापील कागदाला हात लावण्याचीही सोवळ्यातील मंडळींना भीती वाटे, कारण शाईत चरबी असते असा समज होता. तेव्हा गणपत कृष्णाजींनी धार्मिक ग्रंथांसाठी तुपाची शाई करविली! अशा काळी पोथीचे पुस्तक होणे म्हणजे नुसता यंत्राचा प्रश्न नव्हता. घराघरातला विश्वास मिळवावयाचा होता.

जावजींचा जन्म १८३९ सालचा, मुंबईच्या एका गरीब घरातला. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली तुटपुंज्या पगारावर लागले. काम काय, तर ओतलेले खिळे घासून साफ करणे.

खिळा कसा तयार होतो हे सांगितल्यावाचून या कामाचे मोल कळणार नाही. आधी पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, हा ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकून त्यात अक्षराचा खोलगट साचा उठवावयाचा. त्या साच्यात शिशाचा वितळलेला रस ओतला की खिळा तयार झाला. मग त्याच्या कडा घासून सर्व खिळे एका उंचीचे करावयाचे. एक खिळा केसभर उंच राहिला तर कागद फाटतो, ठेंगणा राहिला तर अक्षर उमटतच नाही. इंग्रजीचे काम थोड्या अक्षरांत भागते. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि वर जोडाक्षरांचा मेळा. त्यामुळे देवनागरी खिळ्यांची संख्या काही शेकड्यांत जाते. त्यातले एक जरी बेडौल निघाले, तरी सारी ओळ अडखळते. दहा वर्षांच्या मुलाने हे सारे हातांनी शिकून घेतले.

पुढे त्यांनी इतर छापखान्यांत नोकऱ्या केल्या; ‘इंदुप्रकाश’च्या छापखान्यातही ते होते. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा लहानसा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. आधी अक्षर, मग छापखाना, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. राणोजी रावजी आरू हे त्यांचे सोबती ठसे कोरण्यात निष्णात होते. आरूंनी कोरावे आणि जावजींनी ओतवून घ्यावे, अशा जोडीने निर्णयसागरचे टपोरे, घाटदार अक्षर तयार झाले. दुसरे छापखानेही हे खिळे विकत नेऊ लागले.

येथे मला इटलीतील एका गृहस्थांची आठवण होते. व्हेनिस शहरात आल्डस मनुशियस नावाच्या पंडिताने १४९४-९५ च्या सुमारास छापखाना काढला. जुन्या ग्रीक ग्रंथांची हस्तलिखिते नष्ट होत चालली होती; ती शोधून, विद्वानांकडून तपासून छापावीत असा त्याचा ध्यास होता. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ त्याने पाच खंडांत काढले. त्याच्याकडेही फ्रांचेस्को ग्रिफो नावाचा एक कुशल ठसेकोऱ्या होता. ग्रिफोने कोरलेल्या तिरप्या, आटोपशीर अक्षरात आल्डसने १५०१ साली व्हर्जिलचे काव्य हातात मावेल अशा लहान आकारात छापले, आणि मठातल्या मेजावरचा जाडजूड ग्रंथ माणसाच्या बरोबर प्रवासाला निघाला.

जावजींनी आपल्या संस्कृत ग्रंथांसाठी जे केले ते याच जातीचे होते. फरक इतकाच, की आल्डस स्वतः ग्रीकचा पंडित होता, आणि जावजींना शाळेत फार शिकण्याची संधीच मिळाली नव्हती. पण जे आपल्याजवळ नाही ते कोणाजवळ आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांच्या हाती संपादन देऊन १८८६ साली त्यांनी ‘काव्यमाला’ सुरू केली. घराघरांतल्या बासनांत पडून असलेली संस्कृत काव्ये, नाटके, अलंकारग्रंथ या मालेतून एकामागून एक बाहेर आले. पाठ शुद्ध, अक्षर स्वच्छ, यामुळे निर्णयसागरची प्रत म्हणजे भरवशाची प्रत, असा लौकिक काशीपासून युरोपातील विद्यापीठांपर्यंत झाला.

मराठीकडेही त्यांनी दुर्लक्ष केले नाही. मोरोपंतांचे वेचे परशुरामपंत गोडबोले यांच्या ‘नवनीत’मधून १८५४ सालीच शाळांत पोहोचले होते, परंतु वेचा म्हणजे समग्र कवी नव्हे. निर्णयसागरच्या ‘काव्यसंग्रहा’त वामन दाजी ओक यांच्यासारख्या संपादकांनी जुन्या कवींची काव्ये पोथ्या ताडून छापविली आणि त्यात आपल्या पंतांचे भारतही आले. बारामतीच्या वाड्यात बसून रचलेली आर्या अशी कोलभाट गल्लीतून फिरून छापील होऊन परत आली.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी ‘बालबोध’ हे मासिक काढले, ते निर्णयसागरचेच. नावाप्रमाणे सोपी भाषा आणि मोठे, सुबक अक्षर. ओकांनी ते १९१४ पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत चालविले. मुलांसाठी काढलेले मासिक मुलांपाशीच थांबते थोडेच! मोठेपणी जिला अक्षरओळख झाली आहे, तिला मोडीचे वळण किंवा दाटीवाटीने लिहिलेली पोथी कशी झेपावी? सुटसुटीत छापलेली ओळ मात्र बोट ठेवून लावता येते. एकदा ती लावता आली, की चरण विसरला म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची गरज उरत नाही. खिळा घासणाऱ्या मुलाच्या हातून हे काम झाले, असे मला वाटते.

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. अवघे त्रेपन्न वर्षांचे आयुष्य. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी छापखाना पुढे चालविला. त्यांच्यानंतर पांडुरंग जावजी हे नाव पुस्तकांवर दिसू लागते. शिशाच्या खिळ्यांचे युग आता संपले. अक्षर संगणकाच्या पडद्यावर जुळते आणि जुळाऱ्याच्या हाताला काळे लागत नाही. तथापि जुन्या निर्णयसागर प्रतींची छायाचित्रे घेऊन ते ग्रंथ पुनःपुन्हा छापले जातात. यावरून त्या कामाचा कस कळावा.

मंडळाच्या वर्धापनदिनी हा विषय निवडण्याचे कारण घरगुती आहे. माझ्या आजेसासूबाईंच्या पेटीत लुगड्याच्या घडीखाली एक छापील पुस्तक होते. पहिली पाने गेलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोटाचा तेलकट डाग. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या, पण तो डाग मात्र शेवटच्या पानापर्यंत पोहोचला होता. आवराआवरीत ते पुस्तक रद्दीत गेले. मी त्या वेळी घरात नवीन होते, ‘ठेवा’ म्हणण्याचा धीर मला झाला नाही. ती रुखरुख अजून आहे.

बारामती-इंदापूरकडच्या अनेक घरांत माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फळीवर अशी पुस्तके अजून असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्यापूर्वी भगिनींनी एकदा उघडून पाहावीत. मुखपृष्ठाच्या तळाशी कोणाचे नाव आहे ते वाचावे. नको असतील तर मंडळाच्या वाचनालयात आणून द्यावीत. फाटकी असली तरी चालतील. कोपऱ्यावर डाग असले तर ते पुसू नयेत.