तळटीप : रोजगार हमी योजना

* ‘हमीचे काम’ म्हणजे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना (रोहयो). विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे त्यांनी या कल्पनेचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक सरकारी कामांवर आले आणि योजनेची निकड पटली. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास पंधरा दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा, असे बंधन त्याने शासनावर घातले. मजुरी कामाच्या मापावर ठरे; स्त्री-पुरुषांना दर एकच. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही प्रमुख कामे. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला आणि शासनाने त्यात तेवढीच भर घालायची असे ठरले. म्हणजे शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या हक्काचा भार उचलला. हजेरीपटावर हजारो स्त्रियांची नावे लागली, ही या योजनेची सर्वांत मोठी उपलब्धी. केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला हाच कायदा आधारभूत ठरला. पुढील प्रकरणातील मजुरांची मागणी दयेची नसून कायद्याने दिलेल्या हक्काची आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. — संपादक